मुलीला मासिकांची मॉडेल व्हायचंय, एजन्सीला पैसे भरावेत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी नुकतीच १८ वर्षांची झाली, उंची ५ फूट ८ इंच आहे, निपाणीच्या एका कापड दुकानाच्या जाहिरातीत तिचा फोटो आला, आणि आता पुण्याची एक एजन्सी पोर्टफोलिओ (मॉडेलच्या फोटोंचा संच) व ‘नोंदणी’ मिळून ६० हजार मागतेय. मासिकांची मॉडेल होऊन पोट भरेल का, हा तुमचा प्रश्न. शिवाय घरी सासूबाई नावं ठेवतात, असंही लिहिलंय. मी मूळची वडगावची. मुंबईत बरीच वर्षं मासिकांच्या शूटवर साड्या नेसवायचं काम केलं, त्यामुळे हा धंदा कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने पाहिलाय.

आधी ६० हजारांचं. देऊ नका. खरी एजन्सी काम मिळवून देते आणि त्या कामाच्या पैशांतून साधारण २० टक्के कमिशन कापून घेते. जी आधीच पैसे मागते, तिचा धंदा फोटो काढून द्यायचा. एजन्सीला सुरुवातीला साधेच फोटो लागतात: मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगासरशी कपडे, खिडकीचा उजेड. समोरून, बाजूने आणि पूर्ण उभी. सोबत उंची आणि मापं. घरच्या मोबाइलवर काम होतं.

आता पोटाचं. मासिकाच्या फॅशनच्या पानांना ‘एडिटोरियल’ म्हणतात आणि त्याचे पैसे इतके थोडे असतात की कित्येकदा येण्याजाण्यातच संपतात. मुखपृष्ठावर तर हल्ली बहुतेक नटीच असते. मग पोरी ही कामं का करतात? कारण ते छापील पान दाखवून जाहिराती मिळतात, आणि पैसा जाहिरातीत आहे. तिथेही नुसत्या दिवसाच्या मजुरीवर हिशोब करू नये. तो चेहरा कुठे, किती महिने आणि कोणत्या राज्यांत वापरणार, यावर रक्कम ठरते. अमेरिकेत लॉरेन हटन या मॉडेलने १९७३ साली रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीशी फक्त त्यांच्यासाठीच काम करण्याचा मोठा करार केला, तेव्हापासून तासावर पैसे मोजायची तिथली रीत मोडायला लागली.

आपल्याकडे हे कोणी विचारतच नाही. बेळगावातल्या एका मुलीने दुकानाच्या दिवाळी जाहिरातीसाठी एक दिवस फोटो काढून दिले. पुढे तोच फोटो फलकावर, पिशवीवर, कॅलेंडरवर. तिचं लग्न होऊन मूल झालं तरी फोटो चालूच. सासरी रोज ‘काय गे, अजून तिथंच आहेस की तू’ ऐकून घ्यायची. तक्रार कशाच्या जोरावर करणार, कागदच नव्हता. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाते. चेहरा आपला असला म्हणून फोटो आपला होत नाही. तेव्हा माध्यम, मुदत, प्रदेश या तिन्ही गोष्टी लिहून घ्यायच्या, मग दुकान कितीही ओळखीचं असो. तिच्या नावाचं पॅनकार्ड आणि बँक खाते हवंच. पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापून.

फोटो कसा असणार हेही आधीच ठरवून घ्या. मधु सप्रे ही आपली मराठी मुलगी, १९९२ची मिस इंडिया. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीत ती आणि मिलिंद सोमण उघड्या अंगाने, अजगर गुंडाळून उभे राहिले. अश्लीलतेचा खटला झाला आणि सुटका झाली २००९ साली. त्यात मॉडेलनाही आरोपी केलं होतं. पैसे एकदाच मिळतात, कोर्टाच्या तारखा चौदा वर्षं.

कामाचा दिवस कसा असतो तेही सांगते, कारण पोरींना पान दिसतं, दिवस दिसत नाही. दिवाळीची पानं पावसाळ्यातच काढून ठेवतात. दिव्यांच्या उकाड्यात भरजरी रेशमी साडी, आत निऱ्यांना पिनांची रांग. ब्लाउज नमुन्याच्या मापाचा, म्हणून पाठीवर क्लिपा लावून आवळलेला. समोरून बघाल तर वाटेल तिच्यासाठीच शिवलाय. चपलांच्या तळव्यांना चिकटपट्टी, कारण त्या संध्याकाळी दुकानात परत जायच्या असतात. मी पदर लावायची आणि पोरगी श्वास धरून उभी राहायची. भूक लागलीय म्हणायचीही चोरी. यावर माझं स्पष्ट मत आहे: वजन उतरव म्हणून कोणी सांगितलं तर आधी डॉक्टर, मग एजन्सी. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला कायद्यानेच लागतो. आपल्याकडे आईनेच बघायचं.

ही कारकीर्द फार लांब चालत नाही. उज्ज्वला राऊत १९९६ साली फेमिनाची स्पर्धा जिंकून थेट परदेशातल्या रॅम्पवर गेली, पण अशी एखादीच. बाकीच्या तिशीच्या आसपास स्टायलिंगला, मेकअपला किंवा दुसऱ्याच नोकरीला लागतात. डिग्री सोडू देऊ नका.

घरच्या बोलण्याचं म्हणाल, तर गंमत वाटते. चित्रकार दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या सुंदर बायका मुखपृष्ठावर घेऊन दिवाळी अंक वर्षानुवर्षं आपल्या घरात आले, आज्यांनी ते जपून ठेवले. चित्रातल्या बाईला कोणी नावं ठेवली नाहीत. फोटोतल्या पोरीला मात्र गल्ली ठेवते. सासूबाईंना हे सांगून बघा, उपयोग होईलच असं नाही.

शेवटी कुठे जायचं. चकचकीत मासिकं बहुतेक मुंबई-दिल्लीची, म्हणून सगळ्यांचं तोंड तिकडे. पण बेळगावहून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण ५०० किलोमीटर. बेंगळुरूला ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपन्यांचं कॅटलॉगचं काम भरपूर आहे. एका दिवसात ढीगभर कपडे बदलायचे, नाव नाही, पण काम बऱ्यापैकी सलग मिळतं आणि कॅमेऱ्यासमोर हात बसतो. शिवाय निपाणीच्या मुलीला मराठी-कन्नड दोन्ही येत असणार. मुंबईच्या पोरींकडे ते नाही. परीक्षा झाल्यावर तिकडच्या दोन-तीन एजन्सींना ते साधे फोटो ईमेल करा, आणि बोलावणं आलं तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढा. पहिल्या खेपेला तुम्ही सोबत हव्यातच.