निपाणीत आयपीएलवर सट्टा घेणारा बुकी कुठलाही संघ जिंकला तरी फायद्यात कसा राहतो?

भावात आधीच कापून ठेवलेल्या पैशांवर. हे साधं अंकगणित आहे, कागदावर मांडून बघा. भाव म्हणजे जिंकल्यावर रुपयामागे, लावलेला रुपया धरून, मिळणारे पैसे. दोन्ही संघ तुल्यबळ असले तर खरा भाव २.०० हवा, बुकी दोन्ही संघांना १.९० देतो. दोन्हीकडे हजार-हजार लागले की जमा २०००, जिंकणाऱ्याला १९००, उरलेले १०० त्याचे. म्हणून तर भाव सारखा हलतो: एका संघावर पैसा जास्त आला की त्याचा भाव उतरवायचा, समोरच्याचा चढवायचा. तरीही तोल साधला नाही, तर जादा बोजा वरच्या, मोठ्या बुकीकडे फिरवतात. लावणाऱ्याला मात्र १.९० ला नुसती बरोबरी गाठायलाच १०० पैकी जवळपास ५३ वेळा बरोबर यावं लागतं, आणि पोरं नेमकं हेच मोजत नाहीत.

एक गोष्ट: पैसा एकाच बाजूला साचला तर बुकीही बुडतो, आणि मग जिंकलेले पैसे मागायला कोर्टाचं दार नाही. कर्नाटकात १९६३ च्या पोलीस कायद्याने हा गुन्हा आहे; कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलात तरी तिकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.