बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीला, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात मागणाऱ्या मराठी संघटनेला, कन्नडमध्ये 'नाडद्रोही' म्हणतात, म्हणजे देशद्रोही का?

नाही, 'नाडद्रोही' म्हणजे देशद्रोही नव्हे. त्यासाठी कन्नडमध्येही 'देशद्रोही' हा वेगळा शब्द आहेच. 'नाडु' म्हणजे वस्तीचा, कसलेला मुलूख, 'काडु' म्हणजे रान याच्या नेमका उलट. जुन्या कारभारात गावांच्या समूहालाही नाड म्हणत. नाडगौडा, नाडकर्णी ही आडनावं त्यातूनच आली आणि ती मराठी घरांतही आहेत, म्हणजे शब्द आपल्याला परका नाही. 'द्रोह' संस्कृतातला, विश्वासघात सांगणारा, आणि डंख तिथेच आहे: ज्या मातीत राहता तिच्याशीच बेइमानी. पिढ्यान्‌पिढ्या इथंच शेती कसलेल्या मराठी माणसाला हे म्हणणं मला सरळ अन्याय वाटतो, कारण मूळ अर्थाने त्याचा नाड हाच.

मात्र व्युत्पत्ती दाखवून वाद मिटणार नाही. आजच्या बोलण्यात 'नाडु' म्हणजे अख्खं कर्नाटक. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. ते महाराष्ट्रात मागणं, १ नोव्हेंबरला, म्हणजे त्या राज्याच्या स्थापनादिनी, काळा दिन पाळणं हा त्या राज्याशी द्रोह, असंच बोलणाऱ्याला म्हणायचं असतं.