दहा नंबरचा डावा पाय

"मॅडम, हितं वाघ होता हो. तिकडं गेला आणि काय झालं कुणास ठाऊक."

मी समुपदेशनाचं काम करते. गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी निदान सात-आठ आई-बापांच्या तोंडून ऐकलं असेल. पोर कधी फुटबॉलवालं असतं, कधी कुस्तीवालं, कधी नीटच्या क्लाससाठी कोट्याला धाडलेलं. बोलणारं माणूस बदलतं, वाक्य तेच. ज्याच्या अंगात एवढी चमक होती तो मोठ्या जागी जाऊन खुंटला कसा, हा त्यामागचा प्रश्नही तोच. परवा पुन्हा एका आईनं विचारलं, तेव्हा म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकावं. ही गोष्ट एकाची नाही. दोघा-तिघांची मिळून एक केली आहे आणि ओळखीच्या खुणा पुसल्या आहेत.

मुलाला आपण दहा नंबर म्हणू. पेठेत त्याला जर्सीवरच्या याच नंबरानं हाक मारायचे.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. इथला फुटबॉल तालमींचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही कुस्तीच्या आखाड्यांची नावं वाटतील, पण आज ती फुटबॉल संघांचीही नावं आहेत. शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या दिवशी घरातली कामं अडतात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात झाला आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला, पण त्याचं इथं कुणाला काही वाटलं नाही. आपल्यातला पोरगा तिथवर जाऊ शकतो, एवढं पेठेला दिसलं. तेव्हापासून माझ्याकडं फुटबॉलवाली मुलं जास्त यायला लागली, हा माझा आपला अंदाज.

दहा नंबर सोळाव्या वर्षी परराज्यातल्या एका मोठ्या क्लबाच्या युवा संघात निवडला गेला. मंडळानं चौकात फ्लेक्स लावला. दोन हंगामांनंतर तो सुट्टीला घरी आला तो परत जायचं नाव काढेना. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे. माझ्या राजारामपुरीतल्या खोलीत आले तेव्हा बापच बोलत होता, पोरगा पंख्याकडं बघत होता.

"गुडघा बरा हाय, डॉक्टरांनी बघितलंय. कोच वाईट न्हाईत म्हणतोय. मग खेळवंनात का? सांगतच न्हाई काय."

"घरी फोन रोज होतो का?"

"रोज. रात्री नऊला. चुकवत न्हाई मी."

"काय विचारता?"

"काय विचारणार? आज खेळवलं का, गोल मारलास का."

पोरानं तेवढ्यापुरता पंखा सोडून बापाकडं बघितलं. मी ते टिपून ठेवलं.

अशा मुलाला बघितल्यावर लोकांकडं कारणं तयार असतात. जेवण मानवलं नाही, भाषा येईना, घरची आठवण. असतातच ही कारणं, खोटी नाहीत. पण तांबडा-पांढरा रस्सा मिळाला नाही म्हणून कुणाचा खेळ दोन वर्षं जागच्या जागी राहत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांची उलटी खोड असते, सगळं मनावर ढकलायची. म्हणून मी आधी मनाबाहेरचं तपासते.

त्यात एक गोष्ट सापडली. दहा नंबरचा जन्म जानेवारीचा. वयोगट एक जानेवारीपासून मोजतात, म्हणजे आपल्या गटात तो पहिल्यापासून जवळजवळ सगळ्यात थोरला. डिसेंबरात जन्मलेला पोरगा त्याच गटात, पण जवळजवळ एक वर्ष धाकटा. तेराव्या-चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि बराच जास्त दम. त्यात याला मिसरूडही लवकर फुटलं. समोरच्याला खांद्यानं बाजूला सारायचं आणि निघायचं, एवढ्यावर त्याचं भागत होतं. सतराव्या वर्षी बाकीच्यांची शरीरं याच्या बरोबरीला आली. जगभर युवा संघांच्या निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात, यावर बरंच संशोधन झालं आहे. वडिलांना हे सांगितलं तर ते गप्पच झाले. पोराची चमक थोडी कॅलेंडरमुळंही होती, हे कुठल्या बापाला गोड लागेल?

दुसरी गोष्ट मला दहा नंबरनंच शिकवली. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "मला तुझ्या खेळातली अशी माणसं सांग, जी मोठ्या क्लबात गेली आणि तिथं रुजलीच नाहीत." पोरगा पहिल्यांदा खुलला. नॉर्वेचा मार्टिन ओडेगार्ड सोळाव्या वर्षी, २०१५ च्या जानेवारीत स्पेनच्या रिअल माद्रिदला गेला. मग वर्षानुवर्षं दुसऱ्या क्लबांकडं उसना, नेदरलँड्समध्ये दोन ठिकाणी, नंतर रिअल सोसिएदाद. २०२१ मध्ये आर्सेनलला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांचा कप्तान झाला. केविन डी ब्रूइन आणि मोहम्मद सालाह दोघंही चेल्सीत होते, दोघांनाही तिथं बाकावर बसवलं, दोघंही बाहेर जाऊन मोठे झाले. आणि फ्रेडी अडू. चौदाव्या वर्षी अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळायला लागलेला, त्याला नवा पेले म्हणायचे. २००७ मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाला गेला, तिथून त्यालाही उसना दिला आणि पुढं तो क्लबमागून क्लब बदलत राहिला.

"मग ओडेगार्ड वाढला आणि अडू नाही, का?"

"ओडेगार्डला उसना दिला तिथं मॅची खेळायला मिळाल्या, मॅडम."

"अडूलाही उसना दिलाच होता म्हणालास की."

तो गप्प झाला. मीही. उत्तर मलाही माहीत नव्हतं.

मोठा क्लब म्हणजे शाळा नव्हे, हे मात्र त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं. शाळेत वर्गातली चाळीस पोरं पास झाली तर बाईंना आनंदच असतो. क्लबाला एका जागेसाठी पाच पोरं लागतात, कारण त्यातला एकच हवा असतो. उरलेले चार वाईट असतात असं नाही. पण हे त्या चौघांना कुणी बसवून सांगत नाही.

पुढच्या भेटीत तिथल्या सरावाबद्दल विचारलं. हा डाव्या बगलेनं खेळायचा आणि उजव्या पायानं आत वळून मारायचा. पेठेत त्याच्या या वळणावर टाळ्या पडायच्या. "तिथं पहिल्या महिन्यातच बचावातल्या सगळ्या बॅकना कळलं, हा आतच येणार," तो म्हणाला. कोचनं सांगितलं होतं, बाहेरनं जा, डाव्यानं गोलसमोर क्रॉस टाक.

"मग टाकलास?"

"कधी कधी."

हे 'कधी कधी' मला खटकलं, पण पुढं कसं जावं सुचेना.

पाचवी भेट जुलैतली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आमचं बोलणं अडलं होतं. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होते. समोर कोरा कागद होता, तो त्याच्याकडं सरकवला आणि म्हटलं, "डाव्या हातानं कोल्हापूर लिही."

तो हसला, पेन धरलं, लिहिलं. वेडंवाकडं, ल्हाचं पोट फुटलेलं. आणि लिहून झाल्याबरोबर त्यानं उजव्या हाताचा पंजा त्या अक्षरांवर ठेवला.

मी काही बोलले नाही. त्यानं पंजा काढला नाही.

"झाकलंस का?"

"घाण आलंय."

"खोलीत आपण दोघंच आहोत. मी परीक्षा घेत नाहीये."

"तरी पण."

"तिथं काय झाकायचास?"

पावसाचा आवाज तेवढा येत होता. त्याचा पंजा कागदावर तसाच. मग हळू म्हणाला, "डावा पाय." थोड्या वेळानं, "कोच वही घेऊन उभे असायचे. डाव्यानं मारला आणि बाहेर गेला तर लिहिणार. उजव्यानं मारला तर चालून जायचं." आणि मग जे म्हणाला ते मी त्याच दिवशी माझ्या डायरीत उतरवून घेतलं. "मॅडम, दोन वर्षांत मी एकसुद्धा नवीन चूक केली नाही. सगळ्या जुन्याच केल्या."

बावीस वर्षं मी हे काम करते आहे. इतकं नेमकं निदान माझ्या हातून क्वचितच झालं असेल, आणि हे तर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं केलं. कागद पुढं सरकवण्याचं श्रेय मात्र मी सोडणार नाही.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या मुशीतून आलेली. बालपण उकरत बसण्यापेक्षा माणसाच्या डोक्यात आज कोणतं वाक्य फिरतंय ते शोधावं, असं मानणारी. दहा नंबरच्या डोक्यातलं वाक्य होतं, 'मी कच्चा दिसताच कामा नये.' हे वाक्य पेठेत त्याच्या कामाचं होतं, कारण पेठेला जिंकायचं होतं. क्लबात तेच त्याच्या मुळावर आलं. तिथं रोजचा सराव त्याच्या लेखी फायनल होता, आणि फायनलमध्ये कुणी नवं काही करून बघत नाही. हाताशी असलेलंच पुन्हा पुन्हा वापरतो. वहीत लाल खूण आली नाही, आणि पायात नवं काही आलं नाही.

यात एकट्या त्याचा दोष नाही. रात्री नऊच्या फोनवर रोज निकाल विचारला जात होता. चौकातल्या फ्लेक्सवर तो आधीच मोठा खेळाडू झालेला होता. नंतर त्यानं सांगितलं, सुट्टीत तो घरी मागच्या बोळातनं जायचा. फ्लेक्सचा रंग पावसानं उडाला होता, तरी बोळातनंच.

उपाय साधा होता, सोपा नव्हता. त्याला म्हटलं, रोज सकाळी गांधी मैदानावर जायचं, सगळ्यांसमोर, वीस मिनिटं फक्त डाव्या पायानं. एकही चेंडू उजव्यानं नाही.

"मॅडम, पेठ बघणार."

"म्हणूनच."

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत घरी आला. कुणीतरी ओरडलं होतं, "काय रं दहा नंबर, रात्रीची उतरली न्हाई काय?" दुसऱ्या आठवड्यात एका दहा-अकरा वर्षांच्या पोरानं त्याला सांगितलं, "दादा, उजवा पाय बॉलपासनं लांब ठेवालायस." डाव्यानं मारताना टेकायचा पाय खरंच लांब पडत होता. दोन वर्षं कोचकडून हेच ऐकायचं त्यानं टाळलं होतं. हे सांगताना तो पोट धरून हसला. माझ्या खोलीत तो असा पहिल्यांदाच हसला.

मग वडिलांना एकट्यांना बोलावलं. म्हटलं, "नवीन पॅटर्न आला की तुमच्याकडं पहिले जॉब कसे येतात?"

"ते ट्रायलचेच असतात, मॅडम. कुठं ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, कुठं आकार सरकलेला. ते फोडून परत भट्टीत टाकायचं. त्यातनंच कळतं गेटिंग, म्हणजे रस आत सोडायची वाट, कुठं बदलायची."

"आणि मालकानं पहिल्याच दिवशी विचारलं, आज किती पीस डिस्पॅच केले?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. "मग आमी खराब पीस लपवणार की," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला रुमाल काढला.

ज्यांची मुलं मोठ्या ठिकाणी निघाली आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं असतं. कराराच्या कागदावरचा पैसा नंतर बघा. आधी विचारा, याच्या जागेवर तुमच्याकडं किती पोरं आहेत, वर्षात याला किती सामने पूर्ण खेळायला मिळतील, आणि त्याचं काय कमी पडतंय हे त्याला कोण, किती दिवसांनी सांगणार. या प्रश्नांवर समोरचा चिडला तर तेही उत्तरच समजा. पोराचं शिक्षण सोडवू नका, मागं उतरायला जागा असली की माणूस पुढं धाडस करतो. फ्लेक्स लावू नका, हे मी सांगते आणि कुणी ऐकत नाही. आणि फोनवर निकाल विचारू नका. विचारायचंच असेल तर, आज नवीन काय करून बघितलंस, काय जमलं नाही, असं विचारा. परत आलेलं पोर हरून आलं असं धरू नका. कधी पोर बरोबर असतं आणि जागा चुकते, कधी जागा बरोबर असते आणि पोर घाबरलेलं असतं. बहुतेकदा दोन्ही थोडं थोडं.

क्लबानं दहा नंबरचा करार वाढवला नाही. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. आता तो खालच्या पातळीवरच्या एका लहान क्लबात आहे. दर आठवड्याला खेळतो, चोवीस नंबर घालून. डावा पाय अजून उजव्याच्या जवळपासही नाही, पण आता बॅकला अंदाज येत नाही म्हणे, हा आत जाणार का बाहेर.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, जरा वैतागलेला. "मॅडम, पप्पांना सांगा की. रोज रात्री नऊला फोन करतात आणि पहिलं विचारतात, आज काय चुकलं? मी सांगितलं, आज काही नाही चुकलं, तर म्हणतात, मग प्रॅक्टिस नीट करत न्हाईस."

वडिलांना फोन करून मी दिवसाआड विचारायला सांगितलं.