अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीत जमिनीखाली एवढं पाणी असूनही शेती का नाही, नुसती गुरंच का?

कारण तिथे गवताखाली माती नाही, वाळू आहे. ही काउंटी सँडहिल्स भागात येते; सँडहिल्स म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या. गवत नांगरलं की वाळू उडायला लागते आणि उतारावर मोठाले खड्डे पडतात. 1904 च्या किंकेड कायद्याने इथे 640 एकरांपर्यंत जमीन फुकट मिळत होती. बऱ्याच जणांनी नांगर घालून पाहिला आणि शेवटी जमिनी पशुपालकांना विकून ते निघून गेले. आज काउंटीच्या सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरमध्ये जेमतेम साडेपाच हजार माणसं राहतात (2020 ची जनगणना). ‘शेती नाही’ हे मात्र अगदीच खरं नाही: ओगलाला या जमिनीखालच्या जलसाठ्याचं पाणी सखल भागात वर येतं, तिथे हिवाळ्याची वैरण कापतात, आणि काही ठिकाणी गोल फिरणाऱ्या तुषार सिंचनावर मकाही होतो.