थोरला काचेच्या पेटीत राहिला, त्यात तुझा दोष नाही

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लालबागच्या चाळीतली एक खोली, पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.९, आणि लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यात लपवलेली, कारण सासूबाई म्हणतात गोळ्यांनी बाळ काळं होतं. शेवटी घाईघाईत लिहिलेलं एक वाक्य: ‘पहिल्या वेळी मी गोळ्या टाकून दिल्या, म्हणून माझ्या मुलाची फुफ्फुसं कच्ची राहिली का?’

आधी त्याचंच उत्तर देते. तुझा थोरला एकतिसाव्या आठवड्यातच जन्मला. इतक्या लवकर आलेल्या बाळाची फुफ्फुसं कच्चीच असतात, आईने काहीही खाल्लेलं असो. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या आतून ओल्या असतात. दुधाची पिशवी धुऊन ठेवली की तिच्या दोन्ही बाजू कशा चिकटून बसतात, तशा त्याही मिटतात. त्या उघड्या राहाव्यात म्हणून बाळाचं शरीर आतून एक स्निग्ध अस्तर तयार करतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. ते साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बनू लागतं आणि पुरेसं व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. तेवढे दिवस तुझ्या लेकाला मिळाले नाहीत. आज तो तीन वर्षांचा आहे आणि चाळीचा जिना धावत चढतो, हे तूच लिहिलंयस ना?

मग गोळ्या कशाला? अंगात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, फार कमी असलं की बाळ लवकर येण्याचा आणि कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. बाळ आपला लोहाचा बराचसा साठा शेवटच्या तीन महिन्यांत तुझ्याकडून घेतं. फुफ्फुसांचे लवचीक धागे घट्ट विणायला तांबं लागतं, पेशी वाढायला जस्त लागतं. ते तीळ, शेंगदाणे, मटकी, डाळी यांतून मिळतं. त्यासाठी महागडे डबे आणू नकोस. गोळी घेतली म्हणजे बाळ वेळेवरच येईल, असं वचन मात्र मी देणार नाही.

तुझी एक चूक मात्र आहे, तीही नकळत. पहाटे चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळतेस. चहा लोह अंगी लागू देत नाही. रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घे. कॅल्शियमची गोळी दुपारी, दोन्ही एकत्र नकोत. शौचाला काळी होईल, घाबरू नकोस. ८.९ म्हणजे रोजची एक गोळी पुरेल का, हे डॉक्टरांना विचार.

बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. पण हे तू सांगून सासूबाईंना पटणार नाही. त्यांच्यावर रागावूही नकोस; नातू पेटीत असताना दवाखान्याच्या पायरीवर त्याही बसल्या होत्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. या वेळी त्यांना बरोबर ने आणि त्यांच्यादेखतच गोळ्यांबद्दल विचार. पट्टी डब्यातून काढून देवघराशेजारी ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधीचं बाळंतपण लवकर झालं होतं, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग आणि जुनी फाइल दाखव. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीत मोजतात, त्याची वेळ हीच आहे. नाव अशा ठिकाणी घाल जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. दिवस भरण्याआधी पोट राहून राहून कडक झालं, कंबर भरून आली, पाणी किंवा रक्त गेलं, तर रात्र काढू नकोस. वेळेत पोहोचलीस तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होण्यासाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी ते गुणकारी असल्याचं दाखवलं आणि तेव्हापासून असंख्य बाळं त्याने तरली. त्याचा परिणाम व्हायला थोडे तास लागतात, म्हणून घाई.

९ तारखेला काय झालं ते कळव. वाट बघते.

तुझी,
मावशी