फुकट रेशनने लोक आळशी होतात का, आणि त्याचा खर्च कंपन्यांच्या नफ्यातून का काढायचा?

मी रेशन दुकानदाराचा मुलगा, वागळे इस्टेटला किसननगरात बाबांचं दुकान होतं. त्यामुळे रेशन घेणाऱ्यांना कुणी "फुकटे" म्हटलेलं वाचलं की माझं डोकं सटकतं.

रेशनवर प्राधान्य कार्डाला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांच्या कार्डाला, मिळतं माणशी महिन्याला ५ किलो धान्य, म्हणजे चौघांच्या घराला २० किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं, त्याआधीही तांदूळ ३ आणि गहू २ रुपये किलोच होता. यात तेल नाही, गॅस नाही, खोलीचं भाडं नाही. एवढ्यावर ठाण्यात कोण हातपाय पसरून बसलाय ते दाखवा मला.

आमच्या दुकानात एक मावशी यायच्या, घोडबंदरच्या टॉवरमध्ये भांडी घासायच्या. मशीनवर त्यांचा अंगठाच लागायचा नाही, भांड्याच्या पावडरने रेषा पार गेलेल्या. हे बोट लाव, ते लाव, पदराला पुस, बाबा आतून खोबरेल आणून द्यायचे, मागे लाइन बोंबलतेय, आणि कसंबसं लागलं की नेमका सर्व्हर जायचा. कामाची वेळ झाली की बाई रिकामी पिशवी काखेत मारून निघायची, कारण एक खाडा झाला की पगार कापायचे. मग दुसऱ्या दिवशी पोरीला शाळा बुडवून पाठवायची, कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो म्हणून. ही आळशी?

आणि आमचे दाजी, रबाळ्याला कंपनीत आहेत, दर गणपतीत मोदक खाता खाता सुरू करतात, "आमच्या टॅक्सवर पोसता तुम्ही लोकांना". अहो दाजी, तुमच्या कॅन्टीनमध्ये १५ रुपयात थाळी मिळते ती काय आहे मग? सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ टक्के केला, नवीन कारखान्यांना १५, आणि वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील असं सरकारनेच सांगितलं. तेव्हा कंपन्या आळशी होतील म्हणून कुणाच्या पोटात दुखलं नाही. तिकडे दिलं की प्रोत्साहन, इकडे दिलं की रेवडी.

आता तुम्ही विचारलंय खर्च कंपन्यांनी का सोसायचा. एकट्या कंपन्या नाहीच सोसत, मावशी साबण घेते त्यावरही जीएसटी भरतेच. पण नफा चांगला झाला तर टॅक्स जास्त द्यावा, यात अन्याय कुठला ते मला कळत नाही.

हां, २२ टक्के बाकीच्या सवलती सोडल्या तरच, वर सरचार्ज-सेस हे जादा कर मिळून २५ च्या पुढे जातो, हे दाजींचं बरोबर आहे. फुकटचा तांदूळ टपरीवर विकणारेही मी बघितलेत, आणि सगळे दुकानदार काही साधू नाहीत. पण शहरात प्राधान्य कार्डाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार आहे, महिन्याचे पाच हजारही नाहीत. मुलुंडच्या अलीकडे एवढ्यात घर चालवून दाखवा, मग उत्पन्नाचे खोटे दाखले कोण काढतं यावर बोलू.

तुमचं स्वतःचं कार्ड असेल तर दुकानात मशीनची पावती मागून घ्या, किती धान्य उचललं ते त्यावर येतं. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. आणि घरात कुणी दाजी असतील तर त्यांना एकदा महिनाअखेरीस त्या लाइनीत उभं करा.