स्टेल्थ विमान डॉगफाइटमध्ये टिकेल का?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न स्टेल्थ लढाऊ विमानांविषयी आहेत. रडारपासून लपण्यासाठी घडवलेलं विमान समोरासमोरच्या लढाईत तग धरेल का, ही शंका त्यांतल्या अर्ध्याअधिक पत्रांत आहे. म्हणून ते प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : एफ-३५ जुन्या एफ-१६ कडून हरलं असं वाचलं. मग एवढा खर्च कशासाठी? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

एफ-३५ हे अमेरिकेचं स्टेल्थ लढाऊ विमान, तर एफ-१६ स्टेल्थ नसलेलं. ती चाचणी जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेत झाली आणि तिचा अहवाल त्याच वर्षी फुटला. चाचणी वैमानिकाची मुख्य तक्रार होती की वळणं घेताना एफ-३५ ची गती आणि ऊर्जा लवकर संपते, ती परत मिळवायला वेळ लागतो. शिवाय मागे वळून पाहताना त्याचं मोठं हेल्मेट कॅनोपीला, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, अडत होतं, त्यामुळे शेपटीमागचं विमान नीट दिसत नव्हतं. समोरचं एफ-१६ दोन आसनी होतं आणि त्याला इंधनाच्या जादा टाक्याही लटकवलेल्या होत्या. म्हणून बातमी जास्तच झोंबली.

बातम्यांत गाळली गेलेली बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ते एफ-३५ सुरुवातीच्या चाचणी विमानांपैकी एक होतं. त्यावर स्टेल्थ लेप नव्हता, संवेदकांचं पूर्ण सॉफ्टवेअर नव्हतं आणि हेल्मेटने नेम धरून क्षेपणास्त्र सोडण्याची सोयही नव्हती. नाक खूप वर उचललेल्या अवस्थेत विमान कसं वागतं आणि उड्डाण-नियंत्रणाच्या मर्यादा कुठे सैल करता येतील, एवढंच तपासायचं होतं.

तरीही तो अहवाल खोटा ठरत नाही. एफ-३५ जड आहे आणि त्याचे पंख त्या वजनाच्या मानाने लहान आहेत. सलग घट्ट वळणं घेत राहण्यात ते एफ-१६ ला मागे टाकेल अशी अपेक्षा ठेवू नये. नाक चटकन शत्रूकडे वळवण्यात मात्र ते चांगलं आहे, असं पुढे ते उडवणाऱ्या वैमानिकांनी सांगितलं.

प्रश्न : व्हिएतनाममध्ये ‘आता क्षेपणास्त्रं आली, तोफ नको’ म्हणणारे तोंडघशी पडले. स्टेल्थचंही तेच होणार नाही का? (निवृत्त शिक्षक, धुळे)

फार योग्य प्रश्न. एफ-४ फँटम हे अमेरिकी लढाऊ विमान तोफेविना व्हिएतनामवर गेलं. शत्रूचं विमान डोळ्यांनी ओळखल्याशिवाय मारू नका, असा नियम बराच काळ लागू होता. त्यामुळे लांब पल्ल्याचं स्पॅरो क्षेपणास्त्र असूनही वैमानिकांना शत्रूच्या मिग लढाऊ विमानांच्या जवळ जावं लागे, आणि सोडलेल्या स्पॅरोंपैकी साधारण दहात एखादंच लक्ष्यावर लागे. त्यातून १९६९ मध्ये अमेरिकी नौदलाने कॅलिफोर्नियातल्या मिरामारला हवाई लढाईची खास शाळा काढली, आणि एफ-४ई या आवृत्तीत तोफ परत आली.

हा धडा आजही लागू आहे. पण दरम्यान जवळची लढाईच बदलली. १९८० च्या दशकात सोव्हिएत मिग-२९ वर आर-७३ हे जवळच्या लढाईचं क्षेपणास्त्र आणि हेल्मेटवरचं नेमयंत्र आलं. जर्मनीच्या एकीकरणानंतर तीच मिग-२९ विमानं सरावात पाश्चात्त्य विमानांसमोर उतरली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. वैमानिक मान वळवून बघतो आणि क्षेपणास्त्र तिकडे जातं, मग शेपटीमागे जाण्याची गरजच उरत नाही. आता अशी शस्त्रं दोन्ही बाजूंकडे आहेत. जवळ आलेल्या दोन विमानांपैकी दोन्ही पडण्याची शक्यता खरी आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. नजरेच्या टप्प्यात शिरलेलं स्टेल्थ विमान तिथे दुबळं नसतं, पण ज्यासाठी त्यावर पैसा ओतला ती लपून दुरून मारण्याची आघाडी त्याने तिथे गमावलेली असते. ही वेळ येते ती दोन कारणांनी. एक म्हणजे व्हिएतनामसारखा ओळखीचा नियम. दुसरं, क्षेपणास्त्रं संपणं. लपून राहायचं तर शस्त्रं पोटातच ठेवावी लागतात. अमेरिकेच्याच एफ-२२ या स्टेल्थ विमानात सहा लांब पल्ल्याची आणि दोन जवळची मावतात, एफ-३५ मध्ये सध्या चारच. समोर बारा विमानं आली तर हा हिशेब पुरत नाही, आणि स्टेल्थची मला सर्वांत मोठी वाटणारी मर्यादा हीच आहे.

प्रश्न : जर्मन युरोफायटरांनी एफ-२२ ला खरंच हरवलं होतं का? (वाचक, पुणे)

२०१२ मध्ये अलास्कातल्या रेड फ्लॅग या अमेरिकी हवाई दलाच्या सरावात जवळच्या लढतींत काही वेळा, हो. युरोफायटर हे स्टेल्थ नसलेलं युरोपीय लढाऊ विमान. जर्मनांनी जादा टाक्या उतरवून विमानं हलकी केली होती. एफ-२२ इंजिनाचा झोत वरखाली वळवून अवघड गिरकी घेतं, पण त्या गिरकीत वेग घालवून बसतं. त्या क्षणी समोरच्याने संयम राखला तर संधी मिळते. शिवाय सेवेत आलं तेव्हा एफ-२२ कडे हेल्मेटचं नेमयंत्र नव्हतं. पण त्या लढती मुळात एकमेकांना दिसत असतानाच सुरू होत होत्या. लांबच्या लढाईत एफ-२२ ची क्षमता जबरदस्त आहे, हे जर्मन वैमानिकांनीच कबूल केलं होतं.

प्रश्न : २०२५ मध्ये केरळात उतरलेलं ब्रिटिश एफ-३५ आपल्या यंत्रणेला दिसलं होतं. मग ते अदृश्य कसलं? (वाचक, ठाणे)

अदृश्य असं कुठलंच विमान नसतं. तिरुअनंतपुरमला १४ जूनच्या रात्री उतरलेलं ते विमान इंधन कमी पडल्यामुळे परवानगी मागून आलं होतं. अशा वेळी विमान स्वतःची ओळख प्रक्षेपित करतं. शांततेच्या काळात बरीच स्टेल्थ विमानं मुद्दाम रडार-परावर्तकही लावून उडतात. त्यामुळे नागरी वाहतूक सुरक्षित राहते आणि आपलं खरं प्रतिबिंबही कुणाच्या हाती लागत नाही.

गणित असं आहे. रडारचा टप्पा लक्ष्याच्या परावर्तनाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. परावर्तन १६ पट कमी केलं तर टप्पा फक्त निम्मा होतो. १०,००० पट कमी केलं, तेव्हा कुठे ४०० किलोमीटरचा टप्पा ४० वर येतो. स्टेल्थचा फायदा एवढाच, पण हवाई लढाईत हे अंतर निर्णायक ठरतं.

लांब तरंगलहरींच्या रडारला असं विमान जास्त दुरून दिसू शकतं, मात्र क्षेपणास्त्राला वाट दाखवण्याइतकी अचूकता त्यातून सहसा मिळत नाही. २७ मार्च १९९९ ला सर्बियाने एफ-११७ हे अमेरिकी स्टेल्थ विमान पाडलं ते लांब तरंगलहरींच्या जुन्या पी-१८ रडारचा आणि जमिनीवरून सोडायच्या नेव्हा क्षेपणास्त्राचा हुशारीने वापर करून. रडार काही सेकंदच चालू ठेवायचं, क्षेपणास्त्रांचा ताफा सतत हलवायचा, ही त्यांची शिस्त होती. एफ-११७ नावापुरतंच लढाऊ होतं. त्यावर रडार नव्हतं, तोफ नव्हती, हवेतून हवेत मारणारं क्षेपणास्त्रही नव्हतं.

प्रश्न : खऱ्या लढाईचा पुरावा काय? (वाचक, नागपूर)

तोडीस तोड हवाई दलांमधली खुली लढाई स्टेल्थ विमानांच्या वाट्याला अजून आलेली नाही. एफ-२२ ने हवेत टिपलेलं पहिलं लक्ष्य म्हणजे फेब्रुवारी २०२३ मधला चिनी फुगा. इस्रायलच्या एफ-३५ विमानांनी २०२१ मध्ये इराणी ड्रोन पाडले. मला जास्त बोलका वाटतो तो मार्च २०१३ चा प्रसंग. आखातावर इराणचं एफ-४ एका अमेरिकी ड्रोनच्या मागे लागलं होतं. एफ-२२ चा वैमानिक त्याच्या पोटाखाली गेला, कोणती शस्त्रं लावली आहेत ते पाहून घेतलं, मग डाव्या पंखाशेजारी वर आला आणि रेडिओवरून घरी परत जायला सांगितलं. तोवर इराणी वैमानिकांना त्याचा पत्ता नव्हता. ते परत गेले.

प्रश्न : चीनचं जे-२० तिबेटात आलं, तर आपली सुखोई काय करणार? (हवाई दलात जाऊ इच्छिणारी विद्यार्थिनी, नाशिक)

जे-२० हे चीनचं स्टेल्थ लढाऊ विमान. मे २०२४ मध्ये तिबेटातल्या शिगात्सेच्या धावपट्टीवर सहा जे-२० उपग्रहचित्रांत दिसली. हे ठिकाण सिक्कीमच्या सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. घाबरण्यापेक्षा दोन गोष्टी समजून घ्या. शिगात्सेचा विमानतळ सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, म्हणून इंधन किंवा शस्त्रं कमी घेऊन उडावं लागतं. मैदानी तळांवरून उडणाऱ्या आपल्या विमानांना ही अडचण नाही. दुसरं, तुमच्या ओझरला बांधलेल्या सुखोई-३० वर उष्णता टिपणारा संवेदक आहे, आणि इंजिनाची उष्णता कोणालाच पूर्ण झाकता येत नाही. अर्थात ढगात आणि लांब अंतरावर तो कमी पडतो.

धोका आहे तो हवेत इंधन भरणाऱ्या आणि टेहळणीच्या मोठ्या विमानांना. ती आपल्याकडे मोजकी आहेत आणि जे-२० दुरून नेमकी तीच टिपू पाहील. त्यांना मागे ठेवावं लागलं तर सुखोईचेही हात आखडतात.

उत्तर म्हणून आपलं अ‍ॅम्का हे विकसित होत असलेलं देशी स्टेल्थ लढाऊ विमान आहे. त्याच्या विकासाला सुमारे १५,००० कोटी रुपयांची मंजुरी मार्च २०२४ मध्ये मिळाली. सुरुवातीची विमानं अमेरिकी एफ-४१४ इंजिनांवर उडतील, जास्त ताकदीचं इंजिन नंतर येईल. तोवर त्याच्या बातम्या वाचताना पोटात किती क्षेपणास्त्रं मावतात आणि नवं इंजिन कुठवर आलं, या दोन ओळी आधी शोधा.